कोथिंबिरीच्या जुडीने जमलं

दुकानात ज्यांना सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात ते बहुतेकदा बजी असतात, मूळचे ऑस्ट्रेलियाचे छोटे पोपट. माझी जोडी दोन वर्षं नुसत्या राळ्याच्या दाण्यांवर जगत होती. त्यात अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी, म्हणून पाला द्यायचं ठरवलं. वाटीत चिरलेली मेथी ठेवली, तर दोघं घाबरून दांडीच्या टोकाला! चार दिवस हेच. ‘राळे बंद करा, झक मारत खातील,’ असा सल्ला मिळाला. ऐकला नाही, एवढासा जीव, उपासाने ढासळायला कितीसा वेळ?

मग कोथिंबिरीची जुडी धुतली आणि न झटकता, ओलीच, कपड्यांच्या चिमट्याने वरच्या दांडीजवळ उलटी टांगली. (दोरा नको, पाय अडकतो.) बजींना ओल्या पानांत अंग घासून आंघोळ करायला आवडतं. नर आधी घुसला, भिजला आणि भिजता भिजता एक पान कुरतडून बसला. मादीने दोन दिवस नुसतं निरखलं, तिसऱ्या दिवशी तीही आली.

आता सकाळी आधी पाला, मग राळे. उरलेला पाला दोन तासांत काढते. वाटीवरची टरफलंही रोज फुंकते, नाहीतर वाटी भरलेली दिसते आणि खाली दाणा नसतो.

मेथीला मात्र अजून चोच लावत नाहीत.