बोट निघायच्या आत : दुर्गम, ऐतिहासिक बेटांवर सहकुटुंब फोटो काढताना या चुका टाळा

आयर्लंडच्या किनाऱ्यापासून सुमारे 12 किलोमीटरवर स्केलिग मायकल नावाचा सुळका समुद्रातून वर आलाय. माथ्याजवळ मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या दगडी झोपड्यांचा जुना मठ, तिथवर 600 हून जास्त उघड्या पायऱ्या. उतरायची परवानगी दिवसाला 180 माणसांना, तीही साधारण मे ते सप्टेंबर, आणि त्या दिवशी समुद्राची मर्जी असेल तरच. बेटावर मिळतात जेमतेम अडीच तास. ‘आज उजेड बरा नाही, उद्या येऊ’ हे वाक्य इथे चालत नाही. आपल्या बहुतेक चुका होतात त्या नेमक्या या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे : बेटावरचा वेळ आपला नसतो, बोटीचा असतो.

धक्क्यावरच अर्धा तास घालवणं

बोटीतून उतरल्या उतरल्या सगळे जण समोर दिसेल त्याचे फोटो काढत सुटतात. धक्का, पाटी, पक्षी, पुन्हा पाटी. मग मुख्य वास्तूपाशी पोचेपर्यंत मुलं कंटाळलेली असतात आणि आजोबांचे गुडघे बोलायला लागलेले असतात. उलटं करा. पाय ताजे असताना आधी लांबचं टोक गाठा, धक्क्याचे फोटो बोटीची वाट बघताना होतातच. सगळ्यांना चढणं झेपणार नसेल तर आदल्या रात्रीच दोन तुकड्या ठरवा आणि खाली थांबणाऱ्यांकडेही एक फोन द्या. खालून दिसणारी, पायऱ्यांवरच्या मुंग्यांएवढी आपली माणसं हा फोटो वर गेलेल्यांना कधीच मिळत नाही. स्केलिगवर स्वच्छतागृह नाही की आडोसा नाही. ही गोष्ट फोटोची वाटत नसली तरी लहान मूल सोबत असेल तर सगळे फोटो तिच्यावरच अवलंबून असतात.

सूर्य कुठून येतो ते न बघणं

रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावर आहू तोंगारिकी या चौथऱ्यावर 15 मोआई, म्हणजे प्रचंड दगडी पुतळे, ओळीने उभे आहेत. त्यांची पाठ समुद्राकडे आणि तोंड बेटाकडे. उगवता सूर्य त्यांच्या पाठीमागून येतो. म्हणजे पहाटे गेलात तर आकाश रंगीत आणि पुतळे काळ्या आकृत्या, चेहरे हवे असतील तर दुपारनंतर जायला हवं. दोन्ही फोटो उत्तम असतात, पण ते एका फेरीत मिळत नाहीत. कित्येक जण पहाटे उठून जातात आणि ‘चेहरे का दिसत नाहीत’ म्हणून कॅमेऱ्याला दोष देतात. सूर्याची दिशा दाखवणारं अ‍ॅप आणि नकाशा निघण्याआधीच फोनमध्ये उतरवून घ्या, बेटावर नेटवर्क असेलच असं नाही.

पदरात भर दुपारच पडली तर? मोठ्या दृश्याचा हट्ट सोडा. भिंतीला वरून घासून येणाऱ्या उन्हात दगडांवर छिन्नीच्या खुणा शोधा, माणसांना दाराच्या उंबरठ्यावर, सावलीच्या कडेला बसवा. चेहऱ्यावर मऊ उजेड येतो आणि कुणी डोळे बारीक करत नाही.

फोटो धूसर का येताहेत?

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. फोकस, लेन्स, फोनचं वय अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला की लक्षात येतं, दोष मिठाचा आहे. लाटांचे तुषार काचेवर वाळतात आणि पातळ थर राहतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण सूर्य समोर आला की सगळा फोटो दुधाळ होतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे शर्टाच्या टोकाने कोरडं पुसणं. मिठाचे कण काचेवर घासले जातात आणि बारीक ओरखडे पडतात. आधी ब्लोअरने, म्हणजे हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने, कण उडवा, मग साध्या गोड्या पाण्यात किंचित ओलावलेल्या मऊ कापडाने टिपा, शेवटी कोरड्या कापडाने. फोनच्या लेन्सलाही हाच न्याय. बोटीत असताना लेन्सवर साधा संरक्षक फिल्टर असू द्या, खराब झाला तर तो बदलता येतो.

धूसरपणा काचेच्या बाहेर नाही, आत वाफेसारखा दिसतोय? मग कारण वेगळं आहे. थंडगार केबिनमधून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की त्यावर दव साचतं. बाहेर पडण्याआधी तो बंद पिशवीत ठेवा आणि बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. घाईत लेन्स काढून पुसायला जाल तर ओलावा आत जाईल. तसंही वाऱ्यात, वाळूत लेन्स बदलू नयेच. निळ्या आकाशात प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसणारे करडे ठिपके लेन्स बदलताना आत शिरलेल्या धुळीचे असतात.

आणि फोटो धूसर नसून हललेले असतील, तर तुम्ही बोटीच्या कठड्याला कोपर टेकवलं होतं का ते आठवा. कठडा इंजिनाबरोबर थरथरत असतो. कोपरं पोटाशी धरा, गुडघे सैल सोडा, शटर 1/500 सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा.

ढग पांढरे, घरं काळी

स्कॉटलंडच्या सेंट किल्डा द्वीपसमूहातून 29 ऑगस्ट 1930 रोजी उरलेले 36 रहिवासी कायमचे निघून गेले. हिर्टा बेटावर त्यांच्या घरांची ती एकुलती एक वाकडी गल्ली अजून आहे आणि आजूबाजूला शेकडो दगडी कोठारं. ढगाळ हवा, काळा दगड, हिरवं गवत. कॅमेरा उजळ आकाश बघून घाबरतो आणि घरं बुडवून टाकतो. आकाशाला चौकटीत कमी जागा द्या, किंवा ते पूर्ण वगळा, आणि एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, घरांवर धरा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) काढत असाल तर ढग थोडे सांभाळून घेतलेत तरी सावल्या नंतर उचलता येतात.

तिथली दुसरी फसगत मापाची. कोठार गुडघ्याएवढं आहे की डोक्याएवढं, हे नुसत्या दगडांच्या फोटोत कळतच नाही. शेजारी मूल उभं करा. शेजारी, वर नव्हे.

पुतळ्यासमोर पुतळे

सगळ्यांना वास्तूला चिकटवून रांगेत उभं करायचं आणि वास्तू मावावी म्हणून आपण मागे मागे जायचं. निकाल : वास्तूही अर्धवट, माणसंही ठिपके. माणसांना वास्तूपासून दूर, तुमच्याजवळ आणा, वास्तू मागे आपोआप मावते. समुद्राचं क्षितिज कुणाच्या मानेतून आरपार जाणार नाही एवढं बघा, दोन पावलं चढून किंवा खाली बसून ते हलतं.

मला स्वतःला पोझ दिलेल्या फोटोंपेक्षा नकाशा उलटा धरून भांडणारे काका जास्त आवडतात. पण मतभेद असू शकतात, विशेषतः काकांचा. एक मात्र नक्की : फोटो काढणारा माणूस अल्बममधून गायब असतो. दर तासाला कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्या, दहा वर्षांच्या मुलाच्याही.

सेंट हेलेनाच्या जेम्सटाउनमधली 699 पायऱ्यांची जेकब्ज लॅडर खालून सरळ टिपली तर सपाट पट्टी दिसते. बाजूने टिपा, मध्यावर कुणीतरी दम खात बसलेलं असू द्या.

नियम नंतर वाचणं

गॅलापागोस बेटांवर प्राण्यांपासून 2 मीटर अंतर राखावं लागतं, फ्लॅश चालत नाही आणि पर्यटकांना ड्रोन उडवता येत नाही. रापा नुईवर मोआईंना हात लावायचा नाही, आहूवर, म्हणजे त्यांच्या चौथऱ्यावर, चढायचं नाही. 2008 मध्ये एका पर्यटकाने मोआईच्या कानाचा तुकडा तोडला, तो पकडला गेला आणि त्याला दंड झाला. मोआईच्या नाकात बोट घातल्याचा आभास करणारी पोझही टाळा. तिथल्या लोकांसाठी ते पूर्वज आहेत, आणि कुणाच्या आजोबांबरोबर आपण असा फोटो काढत नाही. मुलांना हे बोटीतच सांगून ठेवा, किनाऱ्यावर सी लायन दिसल्यावर कुणी ऐकत नसतं.

कार्ड, बॅटरी, घड्याळ

सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच न्यायच्या असतात. गार वाऱ्यात त्या लवकर मान टाकतात, म्हणून आतल्या खिशात ठेवा. ‘संपली’ म्हणणारी बॅटरी ऊब मिळाली की पुष्कळदा आणखी थोडे फोटो देते.

क्लाउडच्या भरवशावर राहू नका. रोज रात्री फोटो एका छोट्या ड्राइव्हवर उतरवा आणि तो कार्डांपासून वेगळ्या बॅगेत ठेवा. कार्ड अचानक ‘फॉरमॅट करा’ म्हणालं तर ऐकू नका. ते काढून बाजूला ठेवा, त्यावर एकही नवा फोटो काढू नका. पुढे रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेच फोटो परत मिळू शकतात, पण त्यावर नवं काही लिहिलं गेलं नसेल तरच.

राहिलं घड्याळ. तीन फोन आणि एक कॅमेरा असला की कॅमेरा हमखास जुन्या टाइम झोनमध्ये राहतो आणि एकत्र केलेल्या अल्बममध्ये सूर्यास्तानंतर न्याहारी येते. पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा. विसरलात, तर दोन्हींकडे असलेला एकाच क्षणाचा फोटो शोधा. बोट धक्क्याला लागतानाचा फोटो बहुतेक सगळ्यांकडे असतो. त्या दोन वेळांतला फरक काढा आणि कॅमेऱ्याचे सगळे फोटो एकदम तेवढेच पुढे-मागे सरकवा.