क्रूझवर जुन्या पद्धतीची संध्याकाळ हवी असेल तर काय काय करावं लागतं

क्रूझवरची मजा गेली, लोक हाफ पँटमध्ये जेवायला येतात, हे रडगाणं तुम्हीही ऐकलं असेल, पण माझ्या मते हाफ पँटच्या आधी टेबल गेलं. पूर्वी जहाजावर चढलात की टेबल नंबर मिळायचा, जेवणाच्या दोन पंगती, एक लवकरची एक उशिराची, आणि त्याच सहा-आठ अनोळखी लोकांबरोबर रोज रात्री बसायचं, वेटरपण तोच. पहिल्या रात्री हवापाण्याच्या गप्पा, तिसऱ्या रात्री एकमेकांच्या सुनांच्या तक्रारी. मग २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ आणलं, म्हणजे वाटेल तेव्हा या नि वाटेल तिथे बसा, आणि हळूहळू बाकीच्यांनीही तसे पर्याय दिले. सोय झालीच, नाही कशाला म्हणू, पण रोज तेच चेहरे दिसणं बंद झालं आणि मग नटूनथटून जायचं तरी कुणासाठी? २०१५ मध्ये सेलिब्रिटी क्रूझेस या कंपनीनेही फॉर्मल नाइटच्या, म्हणजे सूट-गाऊन घालून जेवायच्या रात्रीच्या, जागी ‘इव्हनिंग शीक’ नावाचा जरा सैल पोशाखाचा प्रकार आणला.

तर आता करायचं काय. पहिलं म्हणजे जहाज बघून निवडा, नुसतं भाडं बघून नको. आयकॉन ऑफ द सीजवर दोघांच्या केबिनच्या हिशोबाने ५,६१० प्रवासी मावतात, तिथे कॅप्टन कुणाकुणाशी हात मिळवणार! क्वीन मेरी २ वर साधारण २,७०० असतात, ते पण कमी नाहीत म्हणा, पण तिथे क्वीन्स रूम नावाचा खराखुरा बॉलरूम आहे आणि गाला इव्हनिंग, म्हणजे नटूनथटून जायच्या संध्याकाळी, अजून होतात. आणि सी डे, म्हणजे जहाज बंदरात न थांबता समुद्रातच असतं ते दिवस, किती आहेत ते मोजा, ही गोष्ट बरेच जण विसरतात. रोज नवं बंदर असेल तर दिवसभर पायपीट करून दहाला सगळे घोरत असतात. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्रींच्या फेरीत मध्ये बंदरच नाही, त्यामुळे माणसं माणसांशी बोलतात (दुसरं करणार काय), वर पश्चिमेकडे जाताना घड्याळ बहुतेक रात्री एक तास मागे जातं म्हणजे नाचायला तास फुकट.

बुकिंग करताना जेवणाची ठरावीक वेळ मागा आणि ‘मोठं टेबल, इतरांबरोबर’ असं स्पष्ट सांगा, गप्प बसलात तर दोघांचं टेबल गळ्यात पडू शकतं. चढल्या दिवशी दुपारीच डायनिंग रूमच्या मॅनेजरला भेटून खात्री करून घ्या. आणि पहिल्या रात्री दमलोय म्हणून बफेला पळू नका, मी एकदा पळालो होतो, दुसऱ्या रात्री गेलो तर बाकीच्यांची गट्टी जमलेली आणि मी आपला मीठ पास करतोय. टेबल अगदीच जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी हळूच बदलून मागा, उशीर केलात तर सगळ्यांना कळतं.

कपड्यांचा बाऊ करू नका. एक डार्क सूट आणि टाय पुरतो, टक्सिडो असलाच पाहिजे असं नाही, क्युनार्डवर (क्वीन मेरी २ ची कंपनी) गालाला आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालतो. मात्र पहिल्या संध्याकाळचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग केबिनवर यायला कधी कधी रात्र होते.

नाचता येत नसेल तर सी डेला दिवसा क्लास असतो, तिथे जा, पावलं शिकाल न शिकाल पण ओळखी नक्की होतात. एकट्या आलेल्या बायकांसाठी काही जहाजांवर डान्स होस्ट, म्हणजे नाचायला जोडीदार म्हणून ठेवलेले पुरुष, असतात, त्यांनी एकीलाच धरून न बसता सगळ्यांबरोबर नाचायचं असा नियम असतो, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

कॅप्टनच्या टेबलचं आमंत्रण मागून सहसा मिळत नाही, ते जुन्या प्रवाशांना नि मोठ्या, महागड्या केबिनवाल्यांना जातं. त्यापेक्षा कॅप्टनची कॉकटेल पार्टी असेल तर वेळेच्या आधी पोचा आणि एखाद्या इंजिनियर ऑफिसरला गाठा, ते लोक मस्त बोलतात.

मिडनाइट बफे नि पेटता बेक्ड अलास्का (आइस्क्रीमचा केक) मिरवणं बऱ्याच ठिकाणी बंद झालं, मला त्याचं दुःख नाही, रात्री बारा वाजता कोण खातं. टिपची पाकिटं जाऊन पैसे आता बहुतेक ठिकाणी आपोआप खात्यावर लागतात, तरी वेटरला नावानिशी दोन ओळी लिहून द्या.

फोन केबिनमध्ये ठेवा. सॅटेलाइट इंटरनेट आता इतकं चांगलं चालतं की माणसं समोर बसून रील बघतात, आपण सुरुवात केली तर निदान आपल्या टेबलवर तरी बंद होतं.

हो, आणि शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा पत्ते-नंबर जेवतानाच घेऊन टाका आणि सकाळचे कपडे आत ठेवा. आमच्या टेबलवरचे एक काका डिनर जॅकेट आणि खाली पायजमा अशा थाटात उतरले होते.