फ्रँचायजीची सही करण्याआधीचे सहा रविवार

अंबडच्या एका कंपनीत मशीन शॉपला एकोणीस वर्षं काढली. बाहेर पडलो तेव्हा गाठीला थोडे पैसे होते आणि आता कुणाला हजेरीचा पंच दाखवायचा नाही एवढं पक्कं होतं. घरांची डीप क्लीनिंग करणाऱ्या एका कंपनीची नाशिकची फ्रँचायजी निघाली होती. त्यांचा माणूस कॉलेज रोडला भेटला. नवे टॉवर, दिवाळी आणि अर्थातच कुंभ, असं सगळं त्यानं लॅपटॉपवर दाखवलं. नाशकात सध्या कुणी काहीही विकायला आलं तरी कुंभ काढतोच. रामकुंडावर डुबकी मारायला आलेला भाविक गंगापूर रोडच्या फ्लॅटमधला सोफा कशाला धुऊन घेईल, हे काही मी विचारलं नाही. फी साडेचार लाख, मशिनरी वेगळी, रॉयल्टी १० टक्के. मी ११ हजार टोकन देऊन मोकळा झालो.

मग जरा शुद्धीवर आलो. ओळखीतून एका छोट्या टीमबरोबर सहा रविवार फुकट काम केलं. तुम्हाला हा धंदा करायचा असेल तर आधी हे करा, बाकीचं नंतर वाचा.

पहिलंच काम पाथर्डी फाट्याला, टू बीएचके. बोअरचं पाणी, त्यामुळे बाथरूमच्या टाइल्सवर आणि नळांवर क्षाराचा पांढरा थर. त्यावर ॲसिडवालं लिक्विड मारून मिनिटभर थांबायचं आणि घासायचं. टॉयलेटच्या सीटमागची बारीक फट मला दिसलीच नव्हती. टीममधल्या मावशी जुना टूथब्रश घेऊन मागून आल्या आणि म्हणाल्या, ‘‘साहेब, बाई पहिली इथंच वाकून बघती.’’ तिसऱ्या रविवारी मी तेच लिक्विड देवघराखालच्या पांढऱ्या फरशीवर सांडलं. फरशी संगमरवरी होती. बारीक फेस आला आणि पुसेपर्यंत तळहाताएवढी चकाकी गेली. काकू ओरडल्या नाहीत, पण चहा काही आला नाही. पॉलिशवाल्याचे १,८०० मी दिले. असं नुकसान कोण भरणार, म्हणून घरी येऊन कराराचा मसुदा काढला, तर उत्तर स्पष्ट होतं : फ्रँचायजीवाला.

आता हिशेब, माझ्या आकड्यांचा. गिऱ्हाईक ४,५०० ला तयार होतं. त्यात १८ टक्के जीएसटी धरला तर तुमचे उरतात ३,८१३. तिघांची हजेरी २,१००, लिक्विड-कापडं ३५०, पेट्रोल २५०, रॉयल्टी ३८१. हातात ७३२. त्यातून गाळ्याचं भाडं, मशीनचा हप्ता आणि तुमचा अख्खा दिवस. रॉयल्टी नफ्यावर नाही, बिलावर कापतात. तोटा झाला तरी ती जातेच. शिवाय सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, पण या कंपनीची पहिल्या दिवसापासून नोंदणी हवी अशी अट होती. म्हणजे त्याच बिल्डिंगमध्ये बिननोंदणीचा पोरगा तेच काम ३,८०० ला करणार. घरगुती गिऱ्हाइकाला त्या कराचा परतावा नाही, त्याला फक्त आकडा दिसतो.

सातपूरच्या कारखान्यांचं उलटं. त्यांना जीएसटीचं बिल हवंच असतं, दिलेला कर त्यांच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा होतो. तिथं दुखणं उधारीचं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी असेल तर कायद्यानं ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. पण मावशींना पगार शनिवारी लागतो. निदान दोन महिन्यांची हजेरी बाजूला नसेल तर कारखान्यांच्या नादी लागू नका.

सीझनचं थोडक्यात : घटाच्या आधी बायका घर काढतात तेव्हापासून दिवाळीपर्यंत फोन ठेवायला उसंत नसते. पितृपक्षात गृहप्रवेश नाहीत, म्हणजे नव्या फ्लॅटची कामं बंद. ऐन घाईत दिवाळीला पोरं गावी निघतात, कुणी सटाण्याला, कुणी सुरगाण्याला. त्यांना धरून ठेवणं हाच खरा धंदा आहे आणि त्यात फ्रँचायजीची काडीची मदत नसते. नाव, ट्रेनिंग, युनिफॉर्म मिळतो. ज्यानं कधी चार माणसं हाताळली नाहीत त्याला ट्रेनिंगचा उपयोग आहे, नाही असं नाही.

आपल्याकडे फ्रँचायजीचा वेगळा कायदा नाही. सगळा कारभार १८७२ च्या करार कायद्यावर. अमेरिकेत विकणाऱ्याला सही आणि पैशांच्या आधी किमान १४ दिवस सगळी माहिती लेखी द्यावी लागते, सोडून गेलेल्यांच्या फोन नंबरांसकट. इथं ते आपण मागून घ्यायचं. मी तीन गोष्टी मागितल्या : कुठले पिनकोड फक्त माझे हे लेखी, सोडून गेलेल्या दोघांचे नंबर आणि गिऱ्हाइकांना दिला जाणारा मोबाइल नंबर माझ्या नावावर. पिनकोडवर तो ‘‘बघू’’ म्हणाला, नंबर द्यायला ‘‘पॉलिसी नाही’’. मोबाइलवर मात्र ठाम : तो कंपनीचाच. म्हणजे पाच वर्षांनी करार संपला की इंदिरानगरच्या काकू माझ्यासाठी फोन लावणार आणि उचलणार दुसराच.

सही केली नाही. टोकन परत मिळालं नाही. पावतीच्या मागं बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. एक जुना व्हॅक्यूम आणि एक सोफ्याचं मशीन घेतलंय, मावशी आता माझ्याकडे आहेत, आणि सध्या दोन सोसायट्यांचे जिने आणि रविवारची घरं एवढंच चालू आहे.