बंद पडलेली बांधकामाची साइट पुन्हा सुरू करताय? या चुका टाळा

दोन-अडीच वर्षं बंद असलेल्या साइटवर पाय ठेवला की आधी जाणवते ती शांतता. मिक्सरचा आवाज नाही, मुकादमाची हाक नाही. तळमजल्यावर गुडघाभर गवत, लिफ्टच्या खड्ड्यात हिरवं पाणी आणि सातव्या स्लॅबच्या वर गंजत उभ्या असलेल्या कॉलमच्या सळया. पुण्याजवळच्या अशाच एका १२ मजली इमारतीचं अर्धवट काम मी हाती घेतलं होतं. पहिल्या बैठकीला चाळीसेक कुटुंबं आली होती. घरभाडं भरायचं आणि घराच्या कर्जाचा हप्ताही भरायचा, अशी त्या लोकांची तारांबळ चालली होती. त्यांचा एकच प्रश्न होता, "साहेब, ताबा कधी?"

मी तारीख सांगितली आणि ती चुकली. त्या एका तारखेनं जेवढा विश्वास गेला, तेवढा आधीच्या अडीच वर्षांतही गेला नसेल. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मोजमापाआधी तारीख देणं

रखडलेल्या कामाचा नवा माणूस पहिल्या आठवड्यात जी तारीख देतो, ती त्याच्या मनातली असते, साइटवरची नसते. साइटवर काय शिल्लक आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं. जुना ठेकेदार म्हणतो ८० टक्के काम झालं, बिलर म्हणतो ६५, आणि खाली उभं राहून बघणाऱ्याला सांगाडा उभा दिसतो म्हणून इमारत झाल्यासारखीच वाटते. पण वेळखाऊ कामं सांगाड्यानंतरच सुरू होतात. ब्लॉकचं काम, प्लास्टर, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, वायरिंग, टाइल्स, खिडक्या, लिफ्ट, फायरची लाइन, भोगवटा प्रमाणपत्र. यातलं प्रत्येक काम दुसऱ्या कुणासाठी तरी थांबलेलं असतं.

म्हणून पहिले दोन आठवडे वीट लावू नका. एक इंजिनिअर, एक मेजरमेंट घेणारा आणि जुन्या ठेकेदाराचा माणूस, असे तिघं मिळून मजला-मजला, खोली-खोली फिरा. प्रत्येक फ्लॅटसाठी एक कागद करा आणि त्यावर फक्त झालं, अर्धवट, तोडावं लागेल, सुरूच नाही, एवढेच चार शेरे ठेवा. फोटो काढा, तिघांच्या सह्या घ्या. जुन्या ठेकेदाराचा माणूस येत नसेल तर त्याला लेखी कळवा आणि आर्किटेक्टला सोबत घ्या. हे संयुक्त मोजमाप झालं नाही, तर पुढे सहा महिने "हे आम्ही केलं होतं", "हे तुम्ही तोडलं" हाच वाद चालतो.

आहे ते आधी नीट बघणं यात किती ताकद असते, याचं मला आवडणारं उदाहरण पांबनच्या पुलाचं आहे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरमचा रेल्वेपूल उद्ध्वस्त झाला, गर्डर समुद्रात वाहून गेले. दुरुस्तीला सहा महिने लागतील असं रेल्वेनं धरलं होतं. पुढे कोकण रेल्वे उभी करणारे ई. श्रीधरन तेव्हा तरुण अभियंते होते. बुडालेले गर्डर समुद्रतळाशी कुठे पडलेत हे मच्छीमारांच्या मदतीनं समजल्यावर ते वर काढून पुन्हा बसवण्यात आले आणि पूल ४६ दिवसांत सुरू झाला. नवे गर्डर बनवत बसले असते, तर ते महिने गेलेच असते. तुमच्या साइटवरही गोडाउनमध्ये, गवतात, शेजारच्या प्लॉटवर काही ना काही पडलेलं असतं. आम्हाला लिफ्टचे गाइड रेल (लिफ्ट ज्यावरून सरकते ते रूळ) ताडपत्रीखाली सापडले, त्यांचे पैसे आधीच देऊन झाले होते. आणि नव्या ऑर्डरवर सही व्हायला दोन दिवस उरले होते.

जुन्या काँक्रीटवर डोळे झाकून विश्वास ठेवणं

यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण इथे चूक झाली तर किंमत पैशात मोजता येत नाही.

दोन-तीन पावसाळे उघड्यावर राहिलेल्या सळया हातानं घासून बघा. नुसता लालसर रंग हाताला लागला तर वायर ब्रशनं साफ होतो. पण पापुद्रे सुटत असतील, सळईवरचे उंचवटे (रिब) झिजले असतील, तर व्हर्नियरनं व्यास मोजायला लावा आणि निर्णय स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून लेखी घ्या. आमच्याकडे सातव्या मजल्यावरच्या चार कॉलमांमध्ये सळईच्या मुळाशी, जिथे काँक्रीटमधून ती बाहेर येते तिथे, पाणी साचून गंज खोल गेला होता. वरून सळई ठीक दिसत होती. जोडाच्या तोंडाशी छिन्नी लावल्यावर ते कळलं.

रिबाउंड हॅमर, म्हणजे पृष्ठभागावर आपटून काँक्रीटच्या ताकदीचा अंदाज देणारं उपकरण, त्याचे आकडे बघून खूश होऊ नका. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं कडक होतो आणि हॅमर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. शंका असेल तिथे अल्ट्रासोनिक चाचणी करा आणि कोअर (काँक्रीटमधून कापून घेतलेला दंडगोल नमुना) काढा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ताकद ग्रेडच्या किमान ८५ टक्के असावी लागते आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नसावा. म्हणजे एम २५ (२५ न्यूटन ग्रेडच्या) काँक्रीटसाठी सरासरी २१.२५ आणि कुठल्याही एका कोअरचा आकडा १८.७५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरपेक्षा कमी नको. क्यूबचे (कास्टिंगच्या वेळी भरलेल्या चाचणीच्या ठोकळ्यांचे) जुने रिपोर्ट फाइलमध्ये असले तरी त्यावरची तारीख आणि स्लॅब कास्टिंगची तारीख जुळते का, हे ताडून बघा.

गोडाउनमधलं सिमेंट तीन महिन्यांहून जुनं असेल तर चाचणीशिवाय वापरू नका. उघडा ठेवलेला बेसमेंटचा खड्डा असेल तर तो सगळ्यात आधी बघा, कारण शेजारच्या इमारतीचा पाया त्या मातीवर आहे. पाण्याची भूमिगत टाकी रिकामी करताना भूजल किती वर आहे तेही तपासा. पावसाळ्यात रिकामी टाकी खालच्या पाण्याच्या दाबानं उचलली जाते.

मागची देणी दाबून नवा गडी आणणं

नवा ठेका, नवा रेट, नवी टोळी. जुन्यांचे पैसे "नंतर बघू". बहुतेक रखडलेल्या साइट दुसऱ्यांदा बंद पडतात त्या इथे. कारण पुण्यात काय आणि ठाण्यात काय, टोळ्या एकमेकांना ओळखतात. ज्या साइटनं मागचे पैसे बुडवले, तिथे चांगला सेंट्रिंगवाला (स्लॅबचे साचे आणि टेकू लावणारा) पाठवलेला मजूर दुसऱ्या आठवड्यात काढून घेतो आणि उरतो तो ज्याला दुसरीकडे काम नाही.

आमच्या साइटवर सळई बांधणाऱ्या टोळीचा मुकादम नांदेडकडचा होता. पैसे अडकले म्हणून तो तेव्हा दुसऱ्या साइटवर होता. मी भेटायला गेलो. त्यानं शर्टाच्या खिशातून एक छोटी डायरी काढली. बोटभर जाडीची, कोपरे दुमडलेले, सिमेंटच्या पाण्यानं पानं फुगलेली. त्यात स्लॅबवार टनेज, माणसांची हजेरी, उचल आणि खर्ची, सगळं पेन्सिलनं लिहिलेलं. आमच्या कॉम्प्युटरवरच्या बिलात सहाव्या स्लॅबची सळई दोनदा धरली होती आणि पाचव्याची एकदाही नाही. त्याच्या डायरीत दोन्ही बरोबर होतं. तो म्हणाला, "साहेब, पैशाचं पुढं बघू. आधी मोजून तर घ्या आमचं काम."

आम्ही मोजलं. एकरकमी देण्याइतके पैसे नव्हतेच. मान्य झालेली रक्कम पाच हप्त्यांत, प्रत्येक नव्या आरए (चालू कामाच्या) बिलाबरोबर, असं ठरवून लिहून दिलं. तो टोळी घेऊन परत आला. पैसे कमी असतील तर हाच मार्ग मला सुरक्षित वाटतो. आकडा मान्य करा, वेळापत्रक द्या आणि ते एकदाही चुकवू नका. शनिवारची खर्ची तर कुठल्याही परिस्थितीत अडवू नका. मजुराचं आठवड्याचं रेशन त्यावर चालतं. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, तेही मागायला येण्याआधी द्या.

माणसं वाढवली की काम धावेल असं समजणं

मागे पडलेल्या कामावर पहिला हुकूम सुटतो, "लेबर डबल करा." डबल केल्यावर आम्ही एक दिवस नुसतं बघत बसलो. सकाळी नऊ ते अकरा, नवव्या मजल्यावर १४ गवंडी आणि त्यांचे बिगारी ब्लॉकची वाट बघत बसलेले. होइस्ट, म्हणजे साइटवर माल आणि माणसं वर नेणारा पाळणा, एकच. त्याच्यावर ब्लॉक, वाळू, टाइल्स, प्लंबरचे पाइप आणि माणसं, सगळ्यांची रांग. आणखी २० माणसं आणली असती तर आणखी २० माणसं वाट बघत बसली असती.

उपाय साधा निघाला. सकाळी सहा ते आठ होइस्टवर फक्त माल, उद्या लागणारा माल आजच मजल्यावर. त्याच माणसांत काम दिसू लागलं. तुमच्या साइटवर अडलेली गोष्ट होइस्ट नसेल. पाण्याचा टँकर असेल, सेंट्रिंगचा एकच सेट असेल, आर्किटेक्टकडे अडकलेलं बाथरूमचं ड्रॉइंग असेल. एक सकाळ कोपऱ्यात उभं राहून कोण कशासाठी थांबलंय ते लिहा, मग माणसं मागवा. आणि वेळापत्रक आखताना होळी, छठ, पेरणी-कापणीचे दिवस आधी काढून टाका. गावी जाणारा मजूर जाणारच.

सगळ्या मजल्यांवर थोडं थोडं काम सुरू करण्याचाही मोह होतो, कारण त्यामुळे बिलं निघतात. तसं करू नका. एक मजला टाइल्स-रंगापर्यंत पूर्ण करा. कुठलं काम कुठे नडतंय ते त्या एका मजल्यावर कळतं आणि लोकांना दाखवायला काहीतरी खरं असतं.

मागे पडलेला वेळ काँक्रीटकडून वसूल करणं

हे थोडक्यात सांगतो, कारण यात वाटाघाट नाही. आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून लांब असेल तर १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस, त्याहून मोठ्याचे २१. हे आकडे साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरत असाल तर कन्सल्टंटला विचारून आणखी थांबा. पाणी मारणं ओपीसीला किमान ७ आणि पीपीसीसारख्या ब्लेंडेड सिमेंटला किमान १० दिवस. बाथरूममध्ये पाणी साठवून गळती बघितल्याशिवाय टाइल लावू देऊ नका. घाईत वाचवलेले चार दिवस खालच्या फ्लॅटच्या छतावर ओल होऊन परत येतात. आणि रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी प्रवर्तकाचीच, म्हणजे बिल्डरचीच असते.

घर घेणाऱ्यांना अंधारात ठेवणं

काम थांबलं की ऑफिसचा फोन उचलणं थांबतं. तिथून लोक वकिलाकडे जातात. त्यांनी जावंही, पण त्याआधी कायद्यानं त्यांच्या हातात काय दिलंय हे दोन्ही बाजूंना माहीत हवं. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट व सीए यांच्या दाखल्यानंतर कामाच्या प्रमाणातच काढता येतात. प्रकल्प दुसऱ्या विकासकाकडे द्यायचा तर रेराच्या कलम १५ नुसार दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती आणि रेरा प्राधिकरणाची मंजुरी लागते. प्रकल्पाची रेरा नोंदणी रद्द झाली किंवा संपली तर कलम ८ नुसार उरलेलं काम पूर्ण करण्याचा पहिला हक्क खरेदीदारांच्या संघटनेचा आहे.

तो हक्क घेण्याआधी पैशांचा माग काढा. नोएडा-ग्रेटर नोएडातल्या आम्रपालीच्या प्रकल्पांत ४० हजारांहून जास्त खरेदीदार अडकले होते. सर्वोच्च न्यायालयानं आधी फॉरेन्सिक ऑडिट करून घेतलं आणि मग जुलै २०१९ मध्ये नोंदणी रद्द करून काम एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवलं. सोसायटीच्या पातळीवर एवढं मोठं ऑडिट नको, पण बँक स्टेटमेंट आणि साइटवरचं मोजमाप शेजारी ठेवून एक चांगला सीए दोन आठवडे बसवाच.

आम्ही महिन्यातला एक रविवार ठरवला. हेल्मेट घालून सभासद वर यायचे, पूर्ण झालेला मजला बघायचे, प्रश्न विचारायचे. काही रविवारी आम्हाला बरंच ऐकून घ्यावं लागलं. तरीही एकही रविवार आम्ही चुकवला नाही.

आठवड्याचा शब्द न मोजणं

गेटपाशी एक पांढरा बोर्ड लावला. दर शनिवारी सगळ्या ठेकेदारांनी पुढच्या आठवड्यात काय पूर्ण करणार ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, पुढच्या शनिवारी झालं की नाही एवढंच लिहायचं. नाही झालं तर कारण एका ओळीत. पहिल्या शनिवारी ११ कामं कबूल केली होती, झाली ४. कारणांच्या सात ओळींपैकी पाच ओळी मालाच्या आणि ड्रॉइंगच्या होत्या, मजुरांची त्यात एकच. तिसऱ्या महिन्यात ११ पैकी ९ व्हायला लागली आणि सलग पाच आठवडे तशीच राहिली.

मग मी पुन्हा त्याच कुटुंबांसमोर उभा राहिलो. या वेळी मजल्यामजल्याच्या तारखा होत्या, शेजारी बोर्डाचे फोटो होते, आणि कुठली तारीख लिफ्टच्या तपासणीवर आणि अग्निशमन दलाच्या दाखल्यावर अवलंबून आहे तेही लिहिलेलं होतं. मागच्या रांगेतल्या एका आजींनी तो कागद मागून घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.