टाइमशेअरमध्ये कुटुंबासाठी निवासाचा आकार ठरवण्याची तयारी

टाइमशेअर म्हणजे पैसे भरून अनेक वर्षांसाठी घेतलेला, दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क. त्याच्या अर्जावर सही करण्याआधी कुटुंबातील माणसे दोनदा मोजावीत. एकदा आजची आणि एकदा दहा वर्षांनंतरची. क्लब महिंद्रासारख्या आपल्याकडे परिचित असलेल्या योजनेचे मूळ सभासदत्व २५ वर्षांचे आणि वर्षाला सात रात्रींचे असते, आणि निवासाचा प्रकार, म्हणजे स्टुडिओ (बसण्या-झोपण्याची एकच खोली), वन बेडरूम की टू बेडरूम, सभासद होतानाच ठरवावा लागतो. आज सहा वर्षांचे असलेले मूल मुदत संपताना एकतीस वर्षांचे असेल. ते आईवडिलांच्या पलंगाशेजारी गादी टाकून आनंदाने झोपेल अशी वर्षे त्यातली फार थोडी आहेत. आजी-आजोबा आज साठीत असतील तर याच काळात त्यांना जिना नकोसा होईल आणि रात्री दोन-तीनदा उठावे लागेल. मुले लहान आहेत म्हणून स्टुडिओ पुरेल, हा हिशेब फक्त पहिल्या काही वर्षांपुरता खरा ठरतो.

त्यानंतर माहितीपत्रकातील क्षमतेचा आकडा नीट वाचावा. सभासदांना आपला मुक्काम दुसऱ्या रिसॉर्टमधील मुक्कामाशी बदलून देणाऱ्या, १९७४ मध्ये सुरू झालेल्या आरसीआय या संस्थेच्या पद्धतीत प्रत्येक निवासापुढे दोन आकडे दिलेले असतात. पहिला जास्तीत जास्त किती माणसे झोपू शकतात याचा, आणि दुसरा किती माणसे खाजगीपणा राखून राहू शकतात याचा. वन बेडरूमपुढे चार आणि दोन असे आकडे असतील, तर उरलेली दोन माणसे दिवाणखान्यातील सोफा-कम-बेडवर झोपणार, असे समजावे. आपल्या कुटुंबाने नेहमी दुसरा आकडा धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सासू-सासरे, मुलगा-सून आणि नातवंडे एकत्र निघतात तेव्हा दिवाणखान्यात झोपणाऱ्यांना सगळे झोपेपर्यंत जागे राहावे लागते आणि सकाळी पहिला चहा होण्याआधी उठावे लागते. सुट्टीचा थकवा बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. ज्या योजनेत असा दुसरा आकडा छापलेला नसेल, तिथे निवासाचा आराखडा मागून घ्यावा. बेडरूमला बंद होणारे दार आहे का, बाथरूम किती आहेत, आणि बाथरूमकडे जाताना दुसऱ्यांच्या झोपण्याच्या जागेतून जावे लागते का, हे त्यावर बोट ठेवून पाहावे. सहा माणसांना एकच बाथरूम असेल, तर सकाळी दर्शनाला किंवा सहलीला वेळेवर निघण्याची आशा धरू नये.

मूल कोणत्या वयापासून प्रौढ धरले जाते आणि जादा गादीचे वेगळे पैसे पडतात का, हे करारपत्रात शोधून खूण करून ठेवावी. तान्हे बाळ किंवा पथ्याचे माणूस बरोबर असेल, तर स्वयंपाकाची सोय कितपत आहे हे त्या त्या रिसॉर्टला विचारावे. मोठ्या निवासात किचनेट, म्हणजे छोटे स्वयंपाकघर, असते हे सगळीकडे खरे नाही, आणि कुठे कुठे केवळ किटली आणि छोटा फ्रिज मिळतो.

मोठे निवास परवडत नसेल किंवा आपल्या सभासदत्वात बसत नसेल, तर दोन स्टुडिओ घेण्याचा पर्याय गंभीरपणे तपासावा. सात रात्रींच्या हक्कात दोन स्टुडिओ तीन रात्रींसाठी घेतले तर सहा रात्री खर्ची पडतात आणि एक उरते. म्हणजे मुक्काम लहान होतो, पण दोन बाथरूम, दोन बंद दारे आणि वडीलधाऱ्यांना दुपारची शांत झोप मिळते. उणीव एवढीच की सगळ्यांनी मिळून बसायला खोली नसते, आणि शेजारच्या किंवा आतून दार असलेल्या खोल्या मिळतीलच याची खात्री नसते. चार-पाच वर्षांच्या मुलांना आजी-आजोबांपाशी झोपवणाऱ्या घरासाठी मी टू बेडरूमपेक्षा हीच व्यवस्था पसंत करीन. मात्र एकाच मजल्यावरच्या खोल्यांची लेखी विनंती आरक्षण करतानाच नोंदवावी. तळमजला किंवा लिफ्ट, आणि कमोडची उंची, यांची चौकशी याच वेळी उरकून घ्यावी.

आकाराबरोबर आपले सभासदत्व कोणत्या हंगामासाठी आहे हेही तपासावे. महाराष्ट्रातील शाळांना सुट्टी लागते ती दिवाळीत आणि मे महिन्यात, आणि शाळकरी मुले असलेले सगळेच सभासद गोव्यातील वर्का किंवा महाबळेश्वरसाठी त्याच आठवड्यांच्या मागे असतात. रिसॉर्टमध्ये मोठी निवासे मुळातच कमी असतील, तर ती आधी संपतात. म्हणून कमी मागणीच्या हंगामातील टू बेडरूम आणि गर्दीच्या हंगामातील लहान निवास यांत निवड करायची असेल, तर मुले शाळेत असेपर्यंत हंगामाला झुकते माप द्यावे. पुढे मोठ्या आकारात बदल करता येतो का, आणि त्या दिवशीच्या दराने किती फरक भरावा लागतो, हे विक्री प्रतिनिधीकडून लेखी घ्यावे.

खर्चाचा ताळेबंद मांडताना प्रवेशाची रक्कम आणि वार्षिक शुल्क वेगळे लिहावे. वार्षिक शुल्क निवासाच्या आकारानुसार वाढते, दरवर्षी बदलू शकते, आणि ज्या वर्षी घराबाहेर पाऊल पडले नाही त्याही वर्षी बहुधा भरावे लागते. एरवी चौघेच फिरणाऱ्या कुटुंबाने दर तीन वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यांसाठी टू बेडरूमचे शुल्क कायमचे अंगावर घेऊ नये. त्या एका सहलीपुरती जादा खोली रोख भाड्याने घेता येते, आणि तिचा दर सभासदांना किती पडतो हे सही करण्याआधीच विचारून ठेवावे.