तीन देशांत धावणारी मालगाडी कव्हर करायला मिळालीय? आधी हे वाचा

पुण्या-मुंबईच्या शेअर-रिसर्च कंपन्यांमध्ये फ्रेशर्सना कव्हर करायला, म्हणजे अभ्यास करून नोट लिहायला, सेक्टर वाटतात तेव्हा टेक मिळालेला दिवसभर खुशीत असतो आणि नॉर्थ अमेरिकन रेल्वे मिळालेल्याचं तोंड उतरतं. माझंही उतरलं होतं. घरी सांगितलं तर "मालगाड्यांचा अभ्यास? त्यात काय अभ्यास?" आपल्या डोक्यात रेल्वे म्हणजे सरकार, बजेट आणि तत्काळचं तिकीट, त्यामुळे एखादी खासगी कंपनी स्वतःच्या रुळांवर फक्त माल वाहते आणि शंभर डॉलर आले की पस्तीस-चाळीस ऑपरेटिंग नफा म्हणून उरवते, हे पटायलाच वेळ जातो. पण तोंड उतरवू नका. कंपन्या मोजक्या, डेटा भरपूर, धंदा डोळ्यासमोर उभा राहतो. शिकायला याहून बरा सेक्टर नाही, असं माझं ठाम मत आहे आणि टेकवाल्यांशी मी यावर भांडायला तयार आहे.

मी लिहितेय ते सीपीकेसीबद्दल, म्हणजे कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी. कॅलगरीची कॅनेडियन पॅसिफिक, म्हणजे सीपी, आणि मिसुरीची कॅन्सस सिटी सदर्न, म्हणजे केसीएस, 14 एप्रिल 2023 ला एक झाल्या आणि कॅनडा, अमेरिका, मेक्सिको असं एकाच कंपनीचं सलग जाळं तयार झालं, सुमारे 32,000 किलोमीटरचं. असं जाळं दुसऱ्या कुणाकडे नाही. प्रत्येक प्रेझेंटेशनच्या पहिल्या पानावर तो वाय आकाराचा नकाशा असतो, आणि बघितला की वाटतं झालं, बाय रेटिंग द्या आणि घरी जा. नकाशा खराच भारी आहे, पण नकाशाच्या प्रेमात पडून मॉडेल, म्हणजे पुढच्या आकड्यांच्या अंदाजाचं एक्सेल, सुरू केलंत तर पहिल्याच आठवड्यात आपटाल.

आता सापळा. हा जरा लांबण लावून सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण मी यात अडकले आणि माझ्यानंतर आलेली पोरंही इथेच अडकताना बघितलीत.

मार्च 2021 मध्ये सीपीने केसीएस घेतो म्हणून जाहीर केलं. एप्रिलमध्ये तिची प्रतिस्पर्धी कॅनेडियन नॅशनल, म्हणजे सीएन, मधेच घुसली, जास्त भाव दिला, केसीएस तिकडे वळली, आणि मग 31 ऑगस्टला अमेरिकेत रेल्वेवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाने, म्हणजे एसटीबीने, सीएनचा व्होटिंग ट्रस्ट (परवानगी येईपर्यंत शेअर त्रयस्थाकडे ठेवायची सोय) नाकारला आणि केसीएस पुन्हा सीपीकडे आली. कर्ज धरून सौदा साधारण 31 अब्ज अमेरिकन डॉलरचा. 14 डिसेंबर 2021 ला सीपीने पैसे मोजले, शेअर दिले, केसीएसचे जुने भागधारक मोकळे झाले. पण ताबा मिळाला नाही! एसटीबीची परवानगी यायची होती, ती आली 15 मार्च 2023 ला, तोपर्यंत केसीएस ट्रस्टमध्ये. म्हणजे लग्नाचा सगळा खर्च झालाय, कर्जसुद्धा काढून झालंय, आणि नवरी अजून माहेरीच.

हिशोबात याचं काय होतं ते बघा. ताबा नाही म्हणजे कन्सॉलिडेशन नाही, केसीएसचे आकडे ओळीनिशी आपल्यात मिसळत नाहीत; इक्विटी मेथड, म्हणजे तिच्या नफ्यातला वाटा फक्त एका ओळीत. 2022 चं पी अँड एल, म्हणजे नफा-तोटा पत्रक, उघडा. रेव्हेन्यू 8.8 अब्ज कॅनेडियन डॉलर, त्यात केसीएसचा एक पैसा नाही. ऑपरेटिंग इन्कममध्ये नाही, ऑपरेटिंग रेशोमध्येही (शंभर डॉलर रेव्हेन्यूमागे खर्च किती) नाही. मग खाली, ऑपरेटिंग इन्कमच्याही खाली एक ओळ येते, केसीएसच्या इक्विटी अर्निंग्जची, साधारण 1.07 अब्ज. ती धरून निव्वळ नफा 3.5 अब्ज. आता तुम्ही पीई, म्हणजे भाव भागिले शेअरमागचा नफा, काढला तर त्यात केसीएस आहे. ईव्ही-एबिटडा, म्हणजे कर्ज धरून कंपनीची किंमत भागिले व्याज-कर-घसाऱ्याआधीचा नफा, काढला तर वरती केसीएस घ्यायला काढलेलं कर्ज आणि वाटलेले नवे शेअर दोन्ही आहेत, आणि खाली एबिटडामध्ये केसीएस नाहीच. मग शेअर भयंकर महाग दिसतो, कर्ज डोक्यावरून जातंय असं दिसतं, आणि नवशिका माणूस "ओव्हरव्हॅल्यूड, हायली लिव्हरेज्ड" असं लिहून मोकळा होतो.

थांबा, अजून संपलं नाही. 2023 चा रेव्हेन्यू 12.6 अब्ज, म्हणजे 42 टक्के ग्रोथ. ही ग्रोथ नाही! केसीएस 14 एप्रिलपासून आत आली एवढंच. 2024 ला 14.5 अब्ज, 16 टक्के वाढ, त्यातही खोट आहे, कारण 2023 च्या पहिल्या साडेतीन महिन्यांत केसीएस नव्हती आणि 2024 च्या होती. ईपीएसमध्ये, म्हणजे शेअरमागच्या नफ्यात, तर उलटंच नाटक आहे. रिपोर्टेड डायल्यूटेड ईपीएस 2023 मध्ये 4.21 आणि 2024 मध्ये 3.98, म्हणजे घसरला. कंपनीचा कोअर ॲडजस्टेड कम्बाइन्ड आकडा (एकदाच येणाऱ्या गोष्टी आणि सौद्याचा हिशोबी परिणाम वगळून, केसीएस दोन्ही वर्षं पूर्ण धरून) 3.84 वरून 4.25, म्हणजे 11 टक्के वाढला. दोन्ही खरे. ताबा घेताना जुनी गुंतवणूक नव्या भावाने मोजावी लागली, त्यात सात अब्जांच्या वर तोटा दाखवला आणि त्याच वेळी डिफर्ड टॅक्सची, म्हणजे पुढे भरायचा म्हणून मांडून ठेवलेल्या कराची, त्याहून मोठी रक्कम उलटली, रोख रक्कम एक डॉलरही न हलता 2023 चा नफा फुगला. ज्याने फक्त दोन ईपीएस शेजारी ठेवले त्याला कंपनी बिघडत चाललीय असं वाटणार.

आणि चलन. केसीएस अमेरिकन डॉलरमध्ये रिपोर्ट करायची, सीपीकेसी कॅनेडियन डॉलरमध्ये करते, मेक्सिकोत पेसो आहेच. शेअर टोरोंटो आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे, एकाच सीपी टिकरने. न्यूयॉर्कचा भाव उचललात आणि ईपीएस रिपोर्टमधून घेतलात तर वर अमेरिकन डॉलर, खाली कॅनेडियन, आणि पीई आपोआप स्वस्त. त्यात मे 2021 मध्ये सीपीने एकाचे पाच शेअर केले, त्यामुळे मार्चच्या ऑफरचं रेशो आणि सप्टेंबरचं रेशो शेजारी ठेवण्याआधी तेवढं जुळवून घ्या.

हे सगळं कुठे सापडतं? टेन-केच्या, म्हणजे वार्षिक अहवालाच्या, नोट्समध्ये, तिथे बिझनेस ॲक्विझिशनच्या नोटमध्ये प्रो फॉर्मा (दोन्ही कंपन्या आधीपासून एकच होत्या असं धरलेले) आकडे दिलेत, आणि नॉन-गॅपच्या, म्हणजे कंपनीने स्वतःच्या पद्धतीने मांडलेल्या आकड्यांच्या, तक्त्यांत. वाचायला कंटाळवाणं आहे, मान्य. पण फुकटच्या स्क्रीनरवर पाच वर्षांचा सीएजीआर, म्हणजे सरासरी वार्षिक वाढ, बघून नोट लिहिणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. अर्निंग्ज कॉलची एआयने काढलेली समरी वाचून आलात तरी तेच, तिथे 42 टक्के छान ठळक अक्षरात येतं. मेंटॉरबद्दलही बोलते: "आधी मॉडेल बांध, मग धंदा कळेल" म्हणणारे मेंटॉर मला कधीच पटले नाहीत. बरा मेंटॉर म्हणजे जो तुमच्या एका सेलवर बोट ठेवून "हा आकडा कुठून आला" एवढंच विचारतो आणि गप्प बसतो. असा कुणी भेटला तर त्याला धरून ठेवा, विकेंड कोर्स विकणाऱ्यांना पैसे देऊ नका.

बरं, आता आऊटलूक.

माझं म्हणणं असं की या कंपनीचा अंदाज मांडताना सुरुवात कॅलगरीपासून नाही, लारेडोपासून करा. टेक्ससमधलं लारेडो आणि नदीपलीकडे न्यूएवो लारेडो, मधे रिओ ग्रांदेवर 1910 चा रेल्वे पूल, एकच रूळ. एका दिशेच्या गाड्या पार होईपर्यंत दुसऱ्या दिशेच्या थांबून राहायच्या. आता शेजारी दुसरा पूल झालाय, त्याला केसीएसचे शेवटचे सीईओ पॅट्रिक ओटेन्समायर यांचं नाव दिलंय. मॉडेलमध्ये मेक्सिकोच्या व्हॉल्यूमची वाढ टाकताना हा पूल डोळ्यासमोर ठेवा, कारण क्षमता नसती तर सॅन लुईस पोटोसीहून शिकागोला जाणाऱ्या एक्सप्रेस इंटरमोडल, म्हणजे कंटेनरच्या, गाडीला वाढायला जागाच उरली नसती. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सने ईगल पास आणि एल पासोची रेल्वे क्रॉसिंग काही दिवस बंद केली होती, लारेडो चालू होतं. सीमेवर धंदा करणाऱ्या कंपनीत कुठला नाका कुणाचा हे पाठ असलंच पाहिजे.

पण मेक्सिकोतले रूळ कंपनीच्या मालकीचे नाहीत, कन्सेशन आहे, म्हणजे सरकारने मुदतीसाठी दिलेला चालवायचा हक्क. 1997 पासून पन्नास वर्षं, म्हणजे 2047 पर्यंत, आणि एक्सक्लुझिव्हिटी (त्या रुळांवर दुसऱ्या कुणाला येऊ न देण्याचा हक्क) आधी 2027 ला संपणार होती ती सेलायाच्या बायपास लाइनचा खर्च उचलून 2037 पर्यंत वाढवून घेतली. टर्मिनल व्हॅल्यू, म्हणजे अंदाजाच्या शेवटच्या वर्षानंतरची सगळी किंमत, काढताना तुम्ही जर "परपेच्युअल ग्रोथ" टाकून पुढे गेलात तर 2047 कुठे गेलं? कन्सेशन वाढेल असं बहुतेक जण धरतात, मीही धरते, पण धरलंय हे लिहिते तरी. तिकडचं सरकार मालगाड्यांच्या रुळांवर पॅसेंजर गाड्या परत आणायच्या मागे आहे, तेही विसरू नका.

टॅरिफचं जास्त टेन्शन घेऊ नका, असं म्हणणार होते, पण घ्या थोडं. 2025 मध्ये ट्रम्प यांनी मेक्सिको-कॅनडावर 25 टक्के लावले, मग यूएसएमसीएच्या, म्हणजे तिन्ही देशांच्या व्यापार कराराच्या, नियमात बसणाऱ्या मालाला सूट दिली, आणि या गोंधळात कंपनीने एप्रिलमध्ये त्या वर्षीच्या ईपीएस वाढीचा अंदाज 12 ते 18 टक्क्यांवरून 10 ते 14 वर आणला. यूएसएमसीएचा सहा वर्षांचा आढावा जुलै 2026 चा. धान्य, पोटॅश, कोळसा हा बल्कचा धंदा मुख्यतः कॅनडातून बंदराकडे जातो, त्याला मेक्सिकोच्या टॅरिफचं फारसं काही नाही. म्हणून नोटमध्ये "टॅरिफमुळे निगेटिव्ह" असं सरसकट लिहू नका, ऑटो वेगळं काढा, धान्य वेगळं काढा.

स्पर्धाही आहे. अमेरिकेच्या युनियन पॅसिफिककडे, म्हणजे यूपीकडे, मेक्सिकोच्या फेरोमेक्स रेल्वेमधला 26 टक्के हिस्सा आहे, आणि सीएन, यूपी आणि मेक्सिकन कंपनी मिळून फाल्कन प्रीमियम नावाची सेवा चालवतात. जुलै 2025 मध्ये यूपीने नॉरफोक सदर्न घेण्याचा सौदा जाहीर केला. सीपीकेसीचा त्याला विरोध आहे. इथे एक बारीक गोष्ट, सीपी-केसीएसला एसटीबीने 2001 च्या आधीच्या सैल नियमांत तपासलं, कारण केसीएस लहान होती. यूपीला 2001 चे कडक नियम लागतात. त्यामुळे "केसीएसला मिळाली तशी यांनाही मिळेल" हे गणित चुकीचं आहे.

काही गोष्टी मॉडेलमध्ये बसतच नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये सीएन आणि सीपीकेसी दोघांनी टीमस्टर्स युनियनच्या कामगारांना एकाच वेळी लॉकआऊट केलं आणि शेवटी सरकारने लवादाकडे पाठवलं. मे 2025 मध्ये केसीएसचं जुनं कॉम्प्युटर सिस्टम बदलताना लुइझियाना, मिसिसिपीकडे गाड्या तुंबल्या, एसटीबीने जाब विचारला. असं काही झालं की पहिली नजर ड्वेल टाइम (डबे यार्डात किती वेळ पडून राहतात) आणि ट्रेन स्पीडच्या साप्ताहिक आकड्यांवर टाका, कंपन्यांना ते एसटीबीकडे भरावेच लागतात आणि तिमाही निकालाच्या कितीतरी आधी गाडी रुळावर येतेय का ते कळतं.

ऑपरेटिंग रेशोवर कंपनी अजून सुधारणा दाखवेल असं मला वाटतं, 2024 चा कोअर 61.3 होता, रिपोर्टेड 64.4, मधला फरक बराचसा केसीएस घेतानाच्या परचेस अकाउंटिंगचा, म्हणजे तिची मालमत्ता नव्या भावाने मांडल्यामुळे वाढलेल्या खर्चाचा. मी दोन्ही ओळी ठेवते, एकच ठेवणाऱ्याचं मला पटत नाही. इथल्या मॅनेजमेंटला रेशो खाली आणायची जुनी सवय आहे, तेव्हाचे सीईओ हंटर हॅरिसन यांच्या काळात सीपीने तो 2011 च्या 81 वरून 2016 ला 58.6 वर आणला होता, आणि आताचे सीईओ कीथ क्रील त्याच तालमीतले.

हे सगळं वाचून छाती दडपली असेल तर सांगते, हे एका आठवड्यात यायची अपेक्षा कुणालाच नाही. पहिला महिना फक्त 2021 ते 2024 चे आकडे केसीएस धरून आणि न धरून असे दोन कॉलममध्ये मांडा, बाकी काही करू नका. आळस वाटेल, सीनियर घाई करतील, तरी करा.

आणि हो, "शेअर घेऊ का" म्हणून मला विचारू नका. कव्हर करत असाल तर कंप्लायन्सला विचारल्याशिवाय हातही लावायचा नाही. कव्हर करत नसाल, एलआरएसने, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून, पैसे पाठवून घेणार असाल, तर कॅनडा डिव्हिडंडवर 25 टक्के कापून घेतं आणि डिव्हिडंड मुळातच लहान आहे, त्यासाठी हा शेअर कुणी घेत नाही.