आपटा की कांचन? बौहिनिया ओळखताना या चुका टाळा

पान मधोमध दुभंगलेलं दिसलं की लोक त्याला आपटा म्हणून मोकळे होतात. दसऱ्याच्या आधी नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात सोनं म्हणून कांचनाच्या फांद्याही खपतात आणि वस्तीतलं चांगलं बहरलेलं झाड एका दिवसात बोडकं होतं. याचं फार वाईट वाटतं.

दुभंगलेलं पान ही आपटा आणि कांचन दोन्ही ज्यात येतात त्या अख्ख्या बौहिनिया प्रजातीची (म्हणजे जीनसची) खूण आहे. योहान आणि कास्पर या वनस्पतिशास्त्रज्ञ बाउहिन बंधूंच्या सन्मानार्थ असलेलं हे नाव स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ग्रंथात नोंदवलं. पानाच्या जुळ्या पाळ्या म्हणजे ते दोघे भाऊ. त्यामुळे नुसत्या पानावरून फार तर प्रजाती कळेल, जात (स्पीशीज) नाही.

आपटा म्हणजे बौहिनिया रेसिमोसा. पान छोटं, जाडसर, लांबीपेक्षा रुंदी जास्त. त्याला उन्हाळ्यात फिकट पिवळसर, बारीक फुलांचे तुरे येतात. म्हणून दसऱ्याला झाडावर मोठी गुलाबी-जांभळी फुलं असतील, तर तो आपटा नाही, हात लावू नका.

कांचनांमध्ये तर रंगावरून हमखास फसगत होते. बौहिनिया व्हेरिगाटा पांढराही असतो आणि गुलाबीही. रंग सोडा, फुलातले परागकोश असलेले पुंकेसर मोजा. व्हेरिगाटात बहुधा पाच, परप्युरियात तीन. ऋतूही बघा: परप्युरिया पावसाळा सरताना फुलू लागतो, व्हेरिगाटा मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, जवळजवळ निष्पर्ण असताना. बागेत लावतात तो बुटका पांढरा कांचन, म्हणजे अ‍ॅक्युमिनाटा, दहा पुंकेसरांचा. माझ्या मते एवढी मोजणी शाळेतल्या मुलांकडूनही करून घ्यावी. सेमिनरी हिल्सवर फिरायला गेलात तर खाली पडलेली फुलं पुरतात.

रोपवाटिकेच्या पाटीवर नुसतं ‘बौहिनिया’ लिहिलेलं असेल तर जात विचारल्याशिवाय रोप घेऊ नका. जुन्या पुस्तकांवर विसंबताना आणखी एक सांभाळा. विदर्भाच्या जंगलातली माहूल वेल तिथे बौहिनिया वाहली म्हणून सापडेल. आता ती फॅनेरा प्रजातीत धरतात. वेल तीच, यादीत दोनदा नोंदवू नका. तसंच, २०१७ च्या नव्या मांडणीत बौहिनिया सिसाल्पिनॉइडी उपकुलातून सर्सिडॉइडीत गेली. कूळ मात्र शेंगावर्गीयांचंच, फॅबेसी.